सादळलेलं हापिस

गेल्या वीकांताला गुहागरला जाऊन आलो. "जुलैत? कोकणात? बरा आहेस ना?" असं हापिसात तिघांनी विचारलं. त्यांना काय सांगणार, मी पाऊस बघायला नाही, हजेरी द्यायला चाललोय म्हणून!

प्रकरण असं. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, गुहागरात राहतो. खालच्या पाटात घराशेजारच्या जागेत त्यानं दोन मजली इमारत उभी केली आहे. खालचा मजला एका पतसंस्थेला शाखेसाठी भाड्यानं द्यायचा आणि वर वीस टेबलांचं हापिस करायचं, असा बेत. पुण्या-मुंबईच्या पोरांनी लॅपटॉप घेऊन यावं, महिनाभर राहावं, दिवसा कोड लिहावा आणि संध्याकाळी समुद्रावर जावं. मे अखेरीला, पाऊस यायच्या आत, वरचा स्लॅब पडला. तेव्हापासून दादाचे फोन सुरू झाले. "अरे, तुझ्या त्या थंड पट्ट्या कधी बसवायच्या? एकदा येऊन बघून जा."

'थंड पट्ट्या' हे दादानं ठेवलेलं नाव. आमच्या धंद्यात त्यांना चिल्ड बीम म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला एक फोटो पाठवला होता. पांढरी शुभ्र, लांबलचक पट्टी, छतापासून वीतभर खाली लटकलेली. तिच्यातूनच उजेड आणि तिच्यातूनच गारवा. खाली उत्साहानं लिहिलं होतं, "दादा, मोठाले डक्ट लागत नाहीत, मजल्याची उंची वाचते!" पाठवून मी विसरून गेलो. दादा विसरला नाही.

तर शुक्रवारी रात्री स्वारगेटहून निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाटात काचेबाहेर नुसतं पांढरं... आणि उजाडता उजाडता चिपळूण. घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. काकू स्वयंपाकघरात पापडाचा डबा उघडून चार पापड घाईघाईनं काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दार लोट रे आधी. सादळतील मेले."

सादळणं. पुण्यात हा शब्द मी वर्षभरात एकदाही वापरत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर तो दिवसातून दहा वेळा लागतो. पापड सादळतात, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते, मीठ पाझरतं, दोरीवरचे कपडे चार दिवस 'वाळत' असतात. चिल्ड बीमबद्दल जे काही मोठमोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत पंधरा-वीस पानांत लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मं या एका शब्दात आहे, हे मला कळायला बराच वेळ लागला. आणि कळलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर. ते पुढे येईलच.

आधी ही पट्टी काम कशी करते ते सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला, एसीवाला नव्हे. पण गेली काही वर्षं मी इमारती चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कुठले दिवे कधी मालवायचे, असलं. त्यामुळे हे बीम मला बरेच जवळून माहीत आहेत.

आपण ज्यात बसतो त्या नेहमीच्या हापिसात गारवा हवेतून येतो. कुठेतरी गच्चीवर किंवा तळघरात हवा थंड करायची आणि अवाढव्य पत्र्याच्या डक्टमधून पंख्यांनी ती मजल्यामजल्यावर ढकलायची. आता हवा हा फार भिकार हमाल आहे. तेवढ्याच आकारमानाचं पाणी घेतलं तर ते हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मग गारवा हवेनं कशाला आणायचा? बोटभर जाडीच्या पाइपातून थंड पाणीच खोलीपर्यंत आणा. छताजवळ त्या पाइपांना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लावा, खोलीतली गरम हवा त्यांच्यावरून फिरू द्या, की झालं काम.

याचे दोन प्रकार आहेत. साध्या बीममध्ये काहीच हलत नाही. गरम हवा वर चढते, गार झाली की जड होऊन खाली उतरते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, कोरडी केलेली ताजी हवा बीममधल्या बारीक तोंडांतून जोरात सोडतात. गॅसच्या शेगडीत गॅसची धार जशी बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेते ना, अगदी तसंच. ही धार खोलीतली कितीतरी जास्त हवा ओढून त्या थंड पाइपांवरून नेते. खोलीत पंखा नाही, मोटर नाही, घरघर नाही. ज्यांनी अशा हापिसात काम केलंय त्यांना पहिले काही दिवस ती शांतता खुपते.

अजून एक फायदा आहे आणि तो विजेच्या बिलात दिसतो. नेहमीच्या एसी प्लांटमध्ये पाणी ६-७ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. बीमला १४ ते १६ अंशांचं पाणी पुरतं. पाणी जितकं कमी थंड करायचं तितका चिलरला कमी घाम, ढोबळमानानं दर अंशाला दोन-तीन टक्के वीज वाचते. पंख्यांची वाचते ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपातलं. बरोबर आहे, १९८० च्या दशकात ही कल्पना स्कँडिनेव्हियात वाढली. मेलबर्नच्या महापालिकेनं २००६ साली आपली 'सीएच-टू' नावाची दहा मजली इमारत असल्याच थंड पाण्याच्या छतांवर उभी केली. पण आपल्याकडेही एक फार सुंदर प्रयोग झालाय. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसनं एक इमारत बांधली आणि तिचे सरळ दोन समान भाग केले. एका अर्ध्यात उत्तम प्रतीचा नेहमीचा एसी, दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमध्येच पाइप घालून थंड पाणी खेळवलेलं. बीम नव्हे, पण बीमचा सख्खा भाऊच. तीच माणसं, तेच संगणक, तेच ऊन. दोन वर्षांचे आकडे २०१४ साली अ‍ॅश्रे जर्नलमध्ये छापून आले. पाण्यावरच्या अर्ध्यानं ३४ टक्के कमी वीज खाल्ली होती, आणि बांधायचा खर्चही जास्त आला नव्हता. आपल्या भाषेत याला ए/बी टेस्टिंग म्हणतात, पण इमारतीवर ते करायची छाती कुणाला होते! मी दादाला फोटो पाठवला तो हे वाचून झालेल्या आठवड्यात. डोकं नुसतं भारावलेलं होतं.

आणि दिवे? दिव्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडायची. दिव्याचा प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडतो, म्हणजे आधी उजेडासाठी वीज द्यायची आणि मग तो उजेड थंड करायला परत वीज द्यायची. २००७ साली आपल्याकडे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, तिनं हापिसांना दिव्यांसाठी चौरस मीटरला १०.८ वॅटची मर्यादा घातली होती. आज चांगले एलईडी वापरले तर त्याच्या निम्म्यात भागतं. तर अशा एलईडी पट्ट्या बीमच्याच अंगात बसवायच्या, थोडा उजेड वर छतावर, थोडा खाली टेबलावर. त्याच बीममध्ये आगीचे स्प्रिंकलर, धुराचे सेन्सर, माणूस बसलाय की उठून गेलाय ते ओळखणारा डोळा, स्पीकर, वायरी. सगळं कारखान्यात जोडून येतं. जागेवर आणायचं, टांगायचं, पाण्याचे दोन पाइप आणि वायरींचा एक जुडगा जोडायचा. फॉल्स सीलिंग नाही, आणि वरती चार कंत्राटदार एकमेकांच्या डोक्यावर उभे राहून भांडतायत असंही नाही.

आपल्यापैकी ज्यांनी चार पैसे सॉफ्टवेअरवर मिळवलेत त्यांच्या डोक्यात इथे घंटा वाजायला हवी. सगळं एकात एक? म्हणजे एक बिघडलं की...? माझ्या डोक्यात वाजली नव्हती. असो.

आता ते दुसऱ्या कुणाच्या जिवावरचं.

मुंबईत समुद्रापासून फार लांब नाही अशा एका हापिसाचं काम आमच्याकडे होतं. नाव सांगत नाही. तीन मजले, सगळीकडे दिवेवाले बीम. मुंबई म्हणजे दमट. म्हणून हवा आधी कोरडी करणारं वेगळं यंत्र होतं, आणि पाण्याचं तापमान ठरवायचं काम माझ्या कोडकडे. नियम सोपा आहे. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन चिकटायला लागते ते दवबिंदू तापमान. बीममधलं पाणी नेहमी त्याच्या वर, दीडेक अंश वर ठेवायचं. खोली २४ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास येतो. पाणी १५ चं सोडलं तर बीम कोरडा ठणठणीत. आर्द्रता ६० टक्के झाली की दवबिंदू जवळजवळ १६. आता तेच १५ अंशांचं पाणी बीमला घाम आणतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला येतो तसा. आणि बीमखाली, साध्या एसीत असतो तसा पाणी गोळा करायचा ट्रे नसतो. तो कोरडाच राहणार हे गृहीतच धरलेलं असतं.

एका मजल्यावर बारा आर्द्रतेचे सेन्सर होते. सेन्सर ही जमात खोटारडी असते हे मला अनुभवानं माहीत. एखादा उगीचच ९५ टक्के दाखवतो आणि तुमचं पाणी गरम होऊन अख्खा मजला उकडतो. म्हणून मी शहाणपणा केला. बाराही सेन्सरांची सरासरी घेतली. एक ओळ. कोड रिव्ह्यूमध्येही कुणी हटकलं नाही. बीमच्या पाइपांवर ओल ओळखणारी छोटी बटणं प्रत्येक भागात हवी होती, ती खर्च कापण्याच्या नादात मजल्याला दोनच उरली होती. पण म्हटलं, सॉफ्टवेअर आहे की!

जुलैतला एक गुरुवार. दुपारी चारला धो धो पाऊस. पँट्रीला लागून गच्चीचं दार. लोक भजी घेऊन दारात उभे राहिले, दार उघडंच राहिलं. तासभर. दाराजवळच्या सेन्सरनं ८० टक्के दाखवले, म्हणजे तिथला दवबिंदू २० च्या वर. बाकीचे अकरा सेन्सर ५० वर निवांत. सरासरी किती? साडेबावन्न. माझ्या कोडनं मान डोलावली, सगळं ठीक आहे म्हणाला आणि १५ अंशांचं पाणी सोडत राहिला.

सव्वापाचला दाराजवळच्या बीममधून पागोळ्या लागल्या. बीमच्या अंगावरून ओघळून पाणी दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये शिरलं आणि एक अख्खी रांग अंधारात गेली. म्हणजे गारव्याच्या चुकीनं उजेड घालवला. एकात एक सगळं! खाली दोघांच्या टेबलांवर कागद भिजले, एक मॉनिटर गेला. दुरुस्तीसाठी पाणी बंद करायचं म्हणून तो भाग गार करणंही बंद.

शुक्रवारी सकाळी मिटिंग झाली. दार उघडं कोण ठेवतं? पँट्रीतला पोरगा. दाराची किल्ली त्याच्याकडे, दारावर 'कृपया दार बंद ठेवा' अशी पाटीही होती. कंत्राटदारानं संध्याकाळपर्यंत त्याला त्या साइटवरून काढलं. त्या मिटिंगमध्ये मी फोनवर होतो. गप्प होतो, कारण मलाही ते पटलं होतं. दार उघडं होतं हे खरंच होतं ना!

मंगळवारी लॉग बघताना ती ओळ दिसली. सरासरीऐवजी सगळ्यात जास्त आकडा धरला असता, किंवा निदान त्या एका भागाचा व्हॉल्व्ह त्याच्याच सेन्सरवर बंद केला असता, तर दार रात्रभर उघडं राहूनही थेंब पडला नसता. दाराजवळची चार टेबलं जरा उकडली असती, बस. मी मेल लिहिली, चूक माझी म्हणून. कोड बदलला, ओलीची बटणं वाढवून घेतली. माझ्या अहवालाचं कौतुक झालं, 'पारदर्शकता' वगैरे. पोराबद्दल विचारलं तर कंत्राटदार म्हणाला दुसऱ्या साइटवर असेल, मग म्हणाला गावी गेला असेल. नंतर फोन उचलेना.

हे मी शनिवारी दुपारी काकूला सांगत होतो, आमसुलाचं सार पिता पिता. तिला दवबिंदू वगैरे सांगावंच लागलं नाही. डब्याचं झाकण उघडं राहिलं की काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत! तिनं एकच विचारलं, "मग त्या पोराचं काय झालं?" हापिसात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी सार संपवलं.

दुपारी लाइट आली आणि परत गेली. दादा वैतागून म्हणाला, "अख्खा एन्रॉन तालुक्यात, आणि माझा फ्रिज बंद!" त्याचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. अंजनवेलचा तो प्रकल्प इथल्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. १९९२ चा करार, १९९५ ला रद्द, पुढच्या वर्षी नव्यानं मांडवली, १९९९ ला पहिला टप्पा चालू, २००१ ला बंद, मग २००५ ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर हे नवं नाव. बाजूला द्रवरूप वायूचं टर्मिनल. तो वायू जहाजातून येतो उणे १६२ अंशांवर आणि त्याला ऊब देऊन परत हवा करावी लागते. गारवा अक्षरशः फुकट जात असतो! दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग पाइप टाक की तिथून इथपर्यंत." चेष्टेत म्हणाला, पण माझं इंजिनियर मन पाच मिनिटं खरंच हिशोब करत बसलं :-)

खरा हिशोब मात्र त्याच्या इमारतीचा करायचा होता. वही घेतली आणि ओटीवर बसलो.

गुहागरात पावसाळ्याच्या तोंडावर हवा असते साधारण ३१ अंश, आर्द्रता ८० टक्के. दवबिंदू २७. भर जुलैत २८ अंश आणि ९० टक्के, दवबिंदू २६. म्हणजे बाहेरची हवा जशीच्या तशी आत आली तर १५ सोडा, २५ अंशांच्या पाण्यानंसुद्धा पट्टीला पाणी सुटेल. मग बाहेरची हवा आधी कोरडी करायला हवी. एक किलो हवेत २७ च्या दवबिंदूला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं, आपल्याला हवं ९ ग्रॅमच्या आसपास. ३१ ची हवा २४ वर आणायला किलोमागे ७ किलोज्यूल लागतात. आणि तिच्यातलं ते १३-१४ ग्रॅम पाणी पिळून काढायला? सुमारे ३३. म्हणजे ताज्या हवेच्या बाबतीत कोकणातला एसी जवळजवळ पाचपट काम ओल काढायचं करतो आणि एकपट गार करायचं. बीम यातलं फक्त एकपटवालं काम करतात. उरलेलं पाचपट करायला वेगळं यंत्र, हवेतली ओल परस्पर अदलाबदल करणारं चाक, ते सांभाळणारा माणूस. वीस टेबलांसाठी!

गंमत बघा, मुळात एसीचा जन्मच सादळण्यातून झालाय. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियरनं त्यावर यंत्र बनवलं. त्याला माणसं गार करायची नव्हती, कागद कोरडा ठेवायचा होता. माणसांचा गारवा नंतर आला आणि आपण ओलीला विसरलो.

बरं, यंत्राचे पैसे कुठून तरी उभे केले असं धरू. पुढची अडचण इमारतीचीच. चिल्ड बीमची इमारत म्हणजे पापडाचा डबा. झाकण घट्ट हवं. पोचारमला ते जमतं, कारण खिडक्या बंद ठेवणारी शिस्त आणि ती राखणारी पगारी माणसं आहेत. पण दादाच्या हापिसात लोक येणार कशासाठी? समुद्राचा वारा घ्यायला! पहिल्याच दिवशी कुणीतरी गॅलरीचं दार उघडणार, आणि उघडूच दे की. त्यासाठी पैसे भरलेत त्यानं. मग परत एक पँट्रीतला पोरगा शोधायचा का?

आणि ज्या ओटीवर बसून मी हे लिहीत होतो ती तर डब्याच्या बरोब्बर उलट. जांभ्याच्या भिंती, उंच छप्पर, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, पडवीमुळे भिंतीवर ऊन नाही. माजघरात आजोबांनी बसवलेलं एक काचेचं कौल आहे, त्यातून दुपारी बाराला सतरंजीवर उजेडाचा चौकोन पडतो. पुस्तक वाचायला तेवढा पुरतो. हे घर हवा कोरडी करायच्या भानगडीत पडतच नाही, नुसती हलती ठेवतं. मे महिन्यात इथेही जीव नकोसा होतो, हे मात्र खरं. गावाकडची घरं म्हणजे स्वर्ग, असलं मी लिहिणार नाही. मे महिन्यात ओटीवर पंख्याशिवाय बसून दाखवा आणि मग बोला.

संध्याकाळी उघडीप मिळाली तेव्हा दादा म्हणाला, चल इमारत बघू. मी वही मिटली. वाटेत त्याला सांगून टाकलं. "दादा, त्या पट्ट्या इथे नको." का ते सगळं सांगितलं, मुंबईचंही. तो ऐकत होता. जिन्यावर अजून कठडा नाही, शेवाळ धरलेलं. आम्ही भिंतीला हात लावत वर गेलो.

वर पोचल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना काय ते. मग वर बघितलं. छत जवळ होतं.

"उंची किती ठेवलीस रे?"

"दहा फूट. आधी बाराची होती नकाशात," दादा म्हणाला. "तूच म्हणालास ना, डक्ट लागत नाहीत, उंची वाचते. दोन फूट म्हणजे चिऱ्याचे तीन थर वाचले चारी बाजूंनी."

चारी बाजूंनी तीन थर. फोटोखालच्या त्या एका ओळीचे. मला काय बोलावं सुचेना. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी सहज सांगत होता, मला श्रेय देत असल्यासारखा.

मग आम्ही तिथेच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून जमेल ते ठरवलं. मजल्याचे दोन भाग करायचे. मागचा, समुद्राकडे पाठ असलेला तिसरा हिस्सा डबा करायचा. तिथे आठ टेबलं, साधे इन्व्हर्टर एसी, जोडीला ओल काढणारं एक छोटं यंत्र, दाराला आपोआप मिटणारा स्प्रिंग. ज्याला कॉल घ्यायचेत, थंडी हवी आहे, तो आत. पुढचा भाग उघडा. मोठ्या खिडक्या, पुढे पत्र्याची नाही तर कौलांची खोल पडवी, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि ऊन भिंतीवर येणार नाही. दिवे टेबलाटेबलाला वेगळे, एक गेला तर एकच जावा. स्लॅब मे महिन्यात तव्यासारखा तापेल, त्यावरही कौलांचं छप्पर चढवायचं, मध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडून. त्याचा खर्च मी अर्धा देतो म्हटलं. दादा म्हणाला, "बघू." म्हणजे घेणार नाही.

"आणि उघड्या भागात पंखे," मी म्हणालो. "दहा फुटांत पंखा बसतो. छोटी दांडी लावू, पाती जमिनीपासून आठ फुटांच्या वर राहिली म्हणजे झालं. चांगले सहा पंखे. कुठे कुठे हूक टाकलेस?"

दादा वर बघायला लागला. मीही. गुळगुळीत, नवाकोरा स्लॅब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकही हूक नव्हता.

"पंखे लागणार नाहीत म्हणालास," तो म्हणाला.

ड्रिल मारून नवे हूक बसवता येतात. वायरमनकडे मशीन आहे, तो सोमवारी येतो म्हणाला. मला रविवारच्या रात्रीच्या गाडीनं निघायचं होतं. म्हणून रविवारी सकाळी खडू आणि टेप घेऊन परत वर गेलो आणि स्टुलावर चढून सहा जागी फुल्या मारून आलो. भिंतीपासूनची अंतरं प्रत्येकीशेजारी लिहून ठेवली. खाली आलो तर काकूनं पापड तळले होते.